ब्लँकेट द्या, पण पायही पाहा

विदर्भात डिसेंबरचा उत्तरार्ध हा सेवेचा आठवडा असतो. २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २५ ला नाताळ, २६ ला बाबा आमटे यांची जयंती. बाबा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे, जन्म १९१४ चा. ख्रिस्ती कुटुंबांत त्याआधीच आगमनकाळ सुरू झालेला असतो. नाताळच्या अगोदरचे चार रविवार दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढते, आणि या दिवसांत आजारी, एकट्या माणसांकडे जाऊन यायचे अशी रीत आहे. तरुण मंडळे, महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, बँकांचे कर्मचारी, सगळेच थंडीच्या निमित्ताने बाहेर पडतात. कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत या दिवसांत ब्लँकेट, फळे, बिस्किटे पोहोचतात. फोटो निघतात. दुपारपर्यंत गाड्या परततात.

यात टिंगल करण्यासारखे काही नाही. थंडी खरी असते आणि ब्लँकेट उपयोगी असते. पण या पाहुण्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्यांच्या अंगावर ब्लँकेट घातले, त्यांच्या पायांकडे कोणी पाहिले का?

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी डिसेंबर हा वर्षातला सर्वांत वाईट महिना असतो. कोरड्या हवेने टाचांना भेगा पडतात. ज्याच्या पायाला संवेदना आहे, तो भेग ठणकायला लागली की लंगडतो, तेल लावतो, चप्पल बदलतो. बधिर पायाचा माणूस त्याच भेगेवर पूर्ण भार टाकून बाजाराला जाऊन येतो. संध्याकाळी शेकोटी पेटते. सगळे पाय पुढे करून बसतात, चटका लागला की इतरांचे पाय मागे येतात, याचे येत नाहीत. कातडी भाजल्याचे त्याला बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याने भरलेला फोड पाहून कळते. हातांचेही तेच. चहाचा पेला, चुलीवरचे पातेले, भाकरीचा तवा. वर्ध्याच्या काळ्या मातीत हे कापूस वेचणीचे दिवस असतात. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्यांची टोके बोटांत घुसतात आणि बधिर बोटांच्या बाईला रक्ताचा डाग कापसावर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणतात. शब्द इतका रुळला आहे की कुष्ठजंतू बोटे खातो, असा समज आजही सुशिक्षितांत आढळतो. प्रत्यक्षात नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू बोटे खात नाही. त्याला शरीराचा थंड भाग आवडतो, म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत मुक्काम करतो. नस मेली की वेदना मरते, आणि वेदना नसलेल्या अवयवाची नासधूस रोजचे जगणेच करते. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने हे विसाव्या शतकाच्या मध्यात बारकाईने दाखवून दिले. त्यांच्या काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी होत. शोध घेतला तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रुग्णाला जाग येत नव्हती. त्यावर उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. जगातल्या नामवंत हात-शल्यचिकित्सकांपैकी एकाने लिहून दिलेला उपचार मांजर होता, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

रोगाचे औषध आता आहे आणि ते मोफत मिळते. बहुऔषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो आणि सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. मुळात बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. पण औषध जंतू मारते, मेलेली नस जिवंत करत नाही. दहा वर्षांपूर्वी ‘बरा’ झालेल्या माणसाचा तळवा आजही बधिरच असतो. त्याची जखम म्हणजे रोग पुन्हा उलटला असे नव्हे. ती न दुखणारी साधी जखम आहे, पण दुर्लक्ष झाले तर हाडापर्यंत जाते आणि शेवटी पाय कापावा लागतो.

ही जखम टाळण्याची कृती इतकी साधी आहे की तिला उपचार म्हणायला संकोच वाटावा. घमेल्यात साधे पाणी घ्यायचे, वीस मिनिटे पाय बुडवून ठेवायचे. भिजलेली जाड कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची. ओलसर पायावरच खोबरेल किंवा कुठलेही खायचे तेल चोळायचे. मग तळवा नीट पाहायचा. लाली, फोड, काटा, भेग काही आहे का? चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकायची. चप्पल मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, ज्याला दवाखान्यात ‘एमसीआर चप्पल’ म्हणतात. थंडीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते: पाणी गरम करायचा मोह होतो, आणि बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आधी कोपर बुडवून पाहायला हवे.

दुसऱ्या कोणीतरी, हे महत्त्वाचे. स्वतःचा तळवा स्वतःला धड दिसत नाही. म्हाताऱ्या डोळ्यांना तर नाहीच, आणि कुष्ठरोगात डोळ्याची पापणी मिटत नसेल तर नजरही गेलेली असते. बोटे वाकलेल्या हाताने दगड धरता येत नाही. पुस्तकात याला ‘स्व-काळजी’ म्हणतात, पण अनेक घरांत ती दुसऱ्याच्या हातांवाचून होत नाही. आणि तेच हात पुढे येत नाहीत. वेगळी ताटली, वेगळी खाट, नातवंडांना जवळ न येऊ देणे हे सगळे औषधाचा कोर्स संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते.

याबाबत वर्धा जिल्ह्याला बाहेरून उदाहरण आणावे लागत नाही. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या काळात कैदी होते. त्यांना कुष्ठरोग झालेला होता. १९३९ मध्ये, रोग बळावलेल्या अवस्थेत, ते सेवाग्राम आश्रमात येऊन दाखल झाले. आश्रमात लहान मुले होती, स्त्रिया होत्या, आणि त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगऱ्याचे तेल टोचत, त्याचा उपयोग बेताचाच. म्हणजे आज ज्या भीतीला आधार उरलेला नाही, तिला तेव्हा थोडाफार होता. गांधीजींनी आश्रमवासीयांना विचारले, आणि शास्त्रीजींना ठेवून घेतले. त्यांच्यासाठी झोपडी झाली. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालीश करत. ही कुटी आजही सेवाग्रामला आहे. सहलीला आलेल्या मुलांना बहुधा ती घाईने दाखवली जाते, कारण बापू कुटी पाहून होईतो बसची वेळ झालेली असते.

या प्रसंगाकडे महात्म्याचे औदार्य म्हणून पाहण्याची सवय लागली आहे, आणि ती थोडी सोयीची आहे. औदार्य महात्म्यांनी करायचे असते, आपण नमस्कार करायचा. वैद्यकीय नजरेने पाहिले तर तिथे जे घडले ते नियमित ड्रेसिंग, त्वचेची निगा आणि रुग्णाचे रोजचे निरीक्षण होते. सणासुदीला एकदा जाऊन ते होत नाही.

शास्त्रीजी पुढे दत्तपूरला गेले. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम उभे केले होते. ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत गांधीजींनी कुष्ठरुग्णांचा विषय घेतला, तेव्हा त्यांनी एक अप्रिय गोष्टही नोंदवली: या रुग्णांकडे लक्ष देत होते ते मुख्यतः परदेशी मिशनरी, आणि भारतीयाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून त्यांना दिवाणांचेच नाव घेता आले. आज हे वाचताना काही जण अस्वस्थ होतात. पण वेल्स्ली बेली या आयरिश माणसाने १८७४ मध्ये स्थापन केलेल्या मिशनची रुग्णालये आजही चालू आहेत, त्यातले एक इथून फार लांब नाही, अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला. हेतूंविषयी वाद घालणाऱ्यांनी घालावा. जखम मात्र कोणी धुतली आणि कोणी धुतली नाही, एवढेच जाणते.

स्वातंत्र्यानंतर वर्ध्याने आणखी एक गोष्ट देशाला दिली, आणि तिची आठवण कुटीपेक्षाही कमी काढली जाते. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी पद्धत उलटी केली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने घरोघरी जायचे, प्रत्येकाची त्वचा तपासायची, रोग समजावून सांगायचा आणि औषध गावातच द्यायचे. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. याच धर्तीवर पुढे राष्ट्रीय कार्यक्रम चालला. बहुऔषधोपचारही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता.

मग डिसेंबर २००५ आला. रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून देशातून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. यश मोठे होते, पण ‘दूरीकरण’ हा शब्द ऐकणाऱ्याने ‘निर्मूलन’ असा घेतला. वेगळी कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होत गेली. ते तत्त्वतः योग्यच होते, कारण या रोगाला वेगळे दार कशाला? व्यवहारात मात्र कोपराजवळची जाड झालेली नस बोटांनी ओळखणारे जुने कार्यकर्ते निवृत्त झाले आणि ती बोटे नव्या कोणाला मिळाली नाहीत. भारतात आजही दरवर्षी सुमारे १ लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. त्यांत मुलेही असतात. मुलांमध्ये रोग सापडणे याचा अर्थ आसपास न शोधलेला, औषध न घेतलेला मोठा माणूस आहे.

दोष फक्त भीतीचा नाही, डॉक्टरांचाही आहे. पाठीवर फिकट चट्टा घेऊन माणूस येतो, त्याला बुरशीचे मलम मिळते. बरे वाटत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले दुसरे मलम तो स्वतःच घेतो. तिसऱ्या डॉक्टरकडे वर्षभराने पोहोचतो, तेव्हा करंगळी वाकायला लागलेली असते. या वर्षभरात एकानेही चट्ट्यावर कापसाची वात किंवा पेनचे टोक टेकवून ‘डोळे मिटा आणि कुठे लागले ते बोट ठेवून दाखवा’ असे म्हटलेले नसते. त्या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीचे कारण पुढे केले जाते, आणि ते खोटे नाही. पण त्याच गर्दीत रक्तदाब मोजला जातोच. शरीराला हात न लावता औषध लिहिण्याची सवय इतर आजारांत कदाचित खपून जाते. कुष्ठरोगात ती हात वाकडा करून जाते.

समाजातले काही अडसर दूर झाले आहेत. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत होते, ते २०१९ मध्ये काढले गेले. म्हणजे पूर्ण बरा होणाऱ्या आजारावरून घर मोडण्याची मुभा या देशाच्या कायद्यात २०१९ पर्यंत होती. सासरी कळू नये म्हणून गोळ्यांचे पाकीट माहेरी ठेवणाऱ्या बायका उगाच तसे करत नव्हत्या.

याचा त्रास पुढच्या टप्प्यात होतो. रुग्णाच्या घरातल्यांना आणि निकटच्या शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस दिला तर त्यांना रोग होण्याची शक्यता कमी होते. हा डोस शासकीय कार्यक्रमात उपलब्ध आहे. पण तो द्यायचा तर रुग्णाने आपला आजार कोणाला सांगायचा हे ठरवावे लागते, त्याची संमती लागते. सांगण्याची हिंमत नसलेल्या घरात भाऊ, जाऊ, शेजारची मुले या संरक्षणाला मुकतात. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. आज लपवलेल्या आजाराची किंमत कोण मोजणार, हे तेव्हा कळते.

म्हणून या डिसेंबरात कुठल्या वसाहतीत किंवा वृद्धाश्रमात जाणाऱ्या मंडळांनी ब्लँकेटांच्या गठ्ठ्यात थोडी भर घालावी. घमेली, खोबरेल तेल, छोटे आरसे, पातेले उचलायला जाड कापडाच्या चिमट्या, चहासाठी लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीचे कप. शेकोटीभोवती अंतर ठेवायला विटांची एक ओळ. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांना बरोबर बोलवावे, पायाचे माप घेऊन चपला कोणाला मिळाल्या नाहीत त्याची यादी करावी आणि ती यादी जिल्हा कार्यालयात नेऊन द्यावी. फोटो काढायचाच असेल तर ज्याचा काढायचा त्याला आधी विचारावे. आणि पंधरा दिवसांनी, संक्रांतीच्या आसपास, त्यांपैकी दोघांनी तरी पुन्हा जावे. न दुखणाऱ्या जखमेला पंधरा दिवस पुष्कळ होतात.

शोधमोहिमेत आशाताई पुरुष स्वयंसेवकाला घेऊन दारात येतात, तेव्हा ‘आमच्या घरात तसले काही नाही’ हे उत्तर त्यांना सर्वांत जास्त ऐकावे लागते, आणि मोठ्या बंगल्यांत तर फाटकावरूनच. थंडीत अंगात स्वेटर असतो, पाठ दाखवायचा कंटाळा येतो. त्यांना आत घ्यावे, पाणी विचारावे, आणि स्वेटर काढून पाठ दाखवावी. पाच मिनिटांचे काम असते.