अंगठ्याची संमती

वळवाची एक सर पडून गेली की बेळगाव गार होते आणि आपल्या गावाला उन्हाळा आहे याचाच आपणांस विसर पडतो. उद्यमबागेतील फौंड्रीत भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला हा विसर पडण्याची सोय नाही. लोखंडाचा रस वळवाला ओळखत नाही.

आमचे एक शेजारी गेली अठरा वर्षे अशाच एका भट्टीवर रात्रपाळी करीत आले आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मनगटावर एक काळा पट्टा चढला आणि त्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप येऊन बसले. उष्णतेचा कामगारांच्या देहामनावर काय ताण पडतो याचे संशोधन करणाऱ्या एका संस्थेची तरुण मंडळी कारखान्यात आली होती. पट्टा नाडीचे ठोके मोजणार, झोप मोजणार. ॲप दिवसातून तीनदा घंटा वाजवून 'आता कसे वाटते?' असे विचारणार आणि त्या क्षणी माणूस कोठे आहे याचीही नोंद ठेवणार. हेतू चांगला होता. मुलेही सालस होती, असे शेजारी स्वतःच सांगतात. त्यांनी मोबाईल आमच्या हाती दिला तेव्हा आम्ही सहज विचारले की, यात आपण नेमके काय मान्य केले आहे? त्यावर ते म्हणाले, "मला काय म्हाईत, सर? मोठी रांग लागली होती. त्या पोरीनंच मोबाईल घेतला, कुठं दाबायचं ते दाबलं आन् परत दिला."

संमतीचा तो मजकूर आम्ही शोधून वाचला. तो इंग्रजीत होता आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचण्यास पडदा अकरा वेळा सरकवावा लागला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, इंग्रजी वाचण्याची सवय असलेले. तरी सातव्या वेळी आमचा धीर सुटला हे कबूल केले पाहिजे. तेथेच कोठेतरी असे लिहिले होते की, जमा झालेली माहिती 'सहकारी संस्थांस' निनावी स्वरूपात देण्यात येईल.

दोन महिन्यांनी कारखान्याला एक विभागवार अहवाल मिळाला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. रात्रपाळीच्या भट्टी विभागातील कामगारांची झोप सरासरी पाच तासांहून कमी असल्याचे आणि मध्यरात्रीनंतर त्यांची मनःस्थिती अस्वस्थ असल्याचे मात्र त्यात नमूद होते. आता त्या विभागात माणसे होती तीन! मालकाने काय करावे? भट्टीजवळ पंखा वाढवावा, पाळी दोन तासांनी कमी करावी, विसाव्याला जागा द्यावी, असे कोणाही शहाण्या माणसाला सुचेल. मालकाला सुचले ते निराळेच. तिघांपैकी दोघांना 'झोप नसलेली माणसे भट्टीवर धोक्याची' म्हणून दिवसपाळीला साफसफाईच्या कामावर घातले गेले आणि त्यांचा रात्रपाळीचा भत्ता बंद झाला. आमचे शेजारी त्या दोघांतले एक. कारखान्याचे नाव घालू नका, एवढे त्यांनी आम्हांस बजावले आहे, म्हणून ते येथे नाही.

या प्रकाराला दुष्टपणा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याची चर्चा करणे अवश्य आहे. संशोधकाने शब्द मोडला नाही. नाव कोठेही उघड केले नाही. परंतु नाव गाळले म्हणजे माणूस गाळला जातो ही समजूतच मुळात खोटी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात पंधरा लक्ष लोकांच्या मोबाईलच्या पंधरा महिन्यांच्या जाण्यायेण्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. नावे नव्हतीच, होते फक्त ठिकाण आणि वेळ. तरीही एखाद्या माणसाच्या संचारातील केवळ चार ठिकाणे व वेळा ठाऊक असल्या, तर शंभरातील पंचाण्णवांना त्या गर्दीतून वेगळे काढता येते, असे आढळले. रात्री कोठे निजतो, सकाळी कोठे जातो, गुरुवारी कोणत्या मठात असतो, महिन्यातून एकदा कोणत्या दवाखान्याची पायरी चढतो; एवढे कळले की नाव विचारण्याची गरज कोणाला उरते? व्यायाम करणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटा दाखविणारा एक जागतिक नकाशा स्ट्राव्हा या कंपनीने २०१७ च्या अखेरीस मोठ्या कौतुकाने प्रसिद्ध केला. त्यातही कोणाचे नाव नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आले की, ओसाड वाळवंटात उजळलेल्या त्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांच्या वाटा आहेत. सैन्याला जी गोष्ट लपविता आली नाही ती भट्टीवरच्या तीन माणसांना कशी लपविता यावी?

अंगठ्याचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारांत शिरले, ते मुख्यतः धान्य लुटण्यासाठी नव्हे. त्यांना कर्जरोखे हवे होते. ज्या कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कधी कोणी वाचून दाखविले नव्हते, पण ज्याच्या तळाशी त्यांचा अंगठा होता, ते कागद त्यांनी बाहेर ओढले आणि जाळले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात गावच्या निबंधकाची योजना केली गेली. शेतकऱ्याचा रोखा त्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, त्याच्या समक्ष मोठ्याने वाचला जावा आणि मग त्यावर सही-अंगठा घ्यावा. परक्या सरकारला, तेही आगी लागल्यावर, एवढे कळले होते की, वाचून न दाखविलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे. त्या रोख्यांची एक बरी गोष्ट होती. ते सावकाराच्या एका पेटीत असत आणि ती पेटी कोठे आहे हे गावाला ठाऊक असे. आमच्या शेजाऱ्यांच्या नाडीचे ठोके आज कोणत्या पेटीत आहेत?

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही संशोधनाच्या विरुद्ध आहोत. जे मोजले गेले नाही ते मागता येत नाही, हे चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला तरी शिकवावे लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यातील मृत्यू नेहमीच्या मृत्यूंशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ माणसे अधिक दगावल्याचे दिसून आले, आणि त्या हिशेबाच्या पायावरच २०१३ साली त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा आराखडा तयार केला. पुढे अनेक शहरांनी तो गिरविला. त्याच अहमदाबादेत वंझारा वास नावाच्या गरीब वस्तीत छपरांना उष्णता परतविणारा रंग देऊन घरांतील माणसांवर त्याचा काय परिणाम होतो हे अलीकडे अभ्यासले जात आहे. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईची झोप किती मोडते हे कळल्यावाचून तिच्यासाठी कोणी छप्पर रंगविणार नाही. तेव्हा मोजा, जरूर मोजा!

पण कोणाला विचारून? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी २०१० साली 'मॅपिनेस' नावाचे एक ॲप काढले. ते दिवसातून केव्हातरी घंटा देई, मन कसे आहे, सोबत कोण आहे, काय चालले आहे असे विचारी, उपग्रहावरून ठिकाण टिपी आणि भोवतालचा गोंगाटही मोजी. वीस हजारांहून अधिक लोकांनी दहा लक्षांहून अधिक उत्तरे दिली. शहरी वस्तीपेक्षा रानामाळात, हिरवळीत माणूस अधिक सुखी असतो असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ती माणसे आपल्या पायांनी संशोधनाकडे चालत गेली होती. स्वतःचा मोबाईल, स्वतःची भाषा आणि कंटाळा आला तर ॲप काढून टाकण्याची पूर्ण मुभा. आमच्या शेजाऱ्यांकडे संशोधन चालत आले ते मालकाच्या दारातून, मुकादमाने केलेल्या यादीवरून आणि कामाच्या वेळात. 'नको' म्हणणारा त्या रांगेत एकही निघाला नाही, यात नवल ते काय? मालकाच्या देखत मागितलेल्या संमतीला आमच्या कोशात दुसरा शब्द आहे.

आपल्या देशात हा प्रश्न कल्पनेतला नाही. आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये २००९-१० साली आदिवासी मुलींना जी लस देऊन पाहिली गेली, त्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने २०१३ साली दाखवून दिले की, आश्रमशाळांतील मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्या होत्या. लस आणि ॲप यांत अंतर आहे हे आम्हांस समजते. पण पालकाच्या जागी अधीक्षक आणि कामगाराच्या जागी मुकादम, ही चाल एकच. आणि मनगटावरच्या पट्ट्याचे पुढे काय होऊ शकते हे पाहावयाचे असेल तर नागपूर, चंदीगड, पंचकुला येथील सफाई कामगारांना विचारावे. जी.पी.एस.ची घड्याळे त्यांच्या हातात बांधून तेथील पालिकांनी त्यांच्या प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवावयास आरंभ केला, तेव्हा चंदीगड-पंचकुल्याच्या कामगारांना रस्त्यावर यावे लागले. संशोधकाचा पट्टा आणि मुकादमाचे घड्याळ यांच्यामध्ये एक कागदी भिंत आहे. ती कागदीच आहे, म्हणून तिच्यावर काय लिहिले आहे याला एवढे महत्त्व.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली गेली. या कायद्यात सीमाभागाने विशेष लक्ष द्यावे अशी एक तरतूद आहे. संमती मागताना मजकूर सोप्या भाषेत असावा आणि तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला असावी. म्हणजे बेळगावच्या कामगाराला मराठीत, शेजारच्या कानडी कामगाराला कानडीत, कारवारच्या माणसाला कोंकणीत. हा हक्क माणसाचा आहे, तो कोणत्या राज्याच्या हद्दीत राहतो यावर तो अवलंबून नाही. भाषेच्या प्रश्नावर आम्ही ज्या सरकारांशी भांडत आलो त्यांच्याकडून असे स्वच्छ कलम क्वचितच हाती लागले असेल. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी, असेही हाच कायदा म्हणतो.

परंतु त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात एक मागचे दार आहे. संशोधनासाठी वा सांख्यिकीसाठी माहिती वापरावयाची असेल, तिच्यावरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील, तर कायद्याच्या तरतुदी लागू नाहीत! मानके चांगली असतील. आम्ही त्यांची निंदा करीत नाही. पण आपल्या भाषेत सूचना मिळण्याचा हक्क या दारातून बाहेर जातो आणि संमती मागे घेण्याचा हक्कही त्याच्या पाठोपाठ जातो, हे उघड आहे. शिवाय 'विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय' याचा अर्थ काय? निर्णय संशोधकाने घेतला नाही, मालकाने घेतला. आणि तो तिघांच्या विभागाविषयी घेतला, व्यक्तीविषयी नव्हे. भत्ता मात्र व्यक्तीचा गेला.

राहता राहिली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे. त्यांत हे सगळे लिहून ठेवलेले आहे. सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार असावा, वरिष्ठांच्या दबावाखाली असलेल्यांची विशेष काळजी घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या नीतिसमित्यांपुढे जाणारे संशोधन निदान ही पायरी चढते. पण 'पर्यावरणाचा ताण', 'नागरिकांचे सुखमापन' असल्या नावांची जी ॲपे अभियांत्रिकीच्या, व्यवस्थापनाच्या नाहीतर खासगी सल्लागारांच्या कचेऱ्यांतून निघतात, ती आपणांस वैद्यकीय म्हणवून घेतातच असे नाही. नाडी मोजतात, झोप मोजतात, मनाचा थांग विचारतात, आणि समितीची गोष्ट काढली की म्हणतात, 'आमचे तर हवामानाचे काम!'

संशोधकांची एक तक्रार आम्ही ऐकली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. प्रत्येकाला बसवून वाचून दाखवू लागलो तर उन्हाळा संपेल, माणसे घाबरून मागे सरतील, आणि उरलेल्या धीट माणसांवरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरेल, असे ते म्हणतात. माणसे मागे सरतील हे खरे. पण ज्याला ठाऊक नाही की आपण तपासले जात आहोत, तो 'कसे वाटते?' या प्रश्नाला उत्तर तरी काय देणार? आमच्या शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच ओळखले होते की मुकादमाला सारे कळते. त्यानंतर ते प्रत्येक घंटेला 'उत्तम' असेच दाबीत गेले. मध्यरात्री अस्वस्थ असल्याची नोंद त्यांच्या दोन सोबत्यांची असावी. अशा उत्तरांवर कोणते शास्त्र उभे राहते ते शास्त्रज्ञांनीच सांगावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. येत्या मार्चमध्ये पट्टे घेऊन मंडळी पुन्हा येतील. येण्यापूर्वी त्यांनी मराठीत व कानडीत एका पानाचा मजकूर छापावा. तो मालक आणि मुकादम यांच्या गैरहजेरीत, चहाच्या सुट्टीत नव्हे तर पगारी वेळात, मोठ्याने वाचून दाखवावा आणि विचार करण्यास एक रात्र जाऊ द्यावी. ठिकाणाची नोंद खरोखर हवी आहे काय, हे आधी स्वतःला विचारावे. भट्टीची उष्णता मोजावयाची असेल तर भट्टी कोठे आहे ती सर्वांना ठाऊक आहे, घरी जातानाची वाट टिपण्याचे कारण नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा अहवाल कारखान्याला देऊच नये. आणि येथील महाविद्यालयांनी, मग विषय कोणताही असो, माणसाच्या देहामनाला हात घालणारे प्रत्येक ॲप आपल्या नीतिसमितीपुढे ठेवावे. कामगार संघटनांनीही पगार-बोनसच्या मागणीपत्रात या पट्ट्याला एक ओळ द्यावी.

आमच्या शेजाऱ्यांनी ॲप मुलाकडून काढून घेतले आहे. पट्टा अजून घरात आहे. तो परत न्यावयास कोणी आलेले नाही. उन्हाळ्यात जमा झालेल्या त्यांच्या नोंदी कोठे आहेत, कोणाकोणाला दिल्या आहेत आणि त्या पुसून टाकता येतील काय, असे विचारणारे पत्र आम्ही त्यांच्या वतीने त्या संस्थेला मराठीत लिहिले. ते त्यांना दोनदा वाचून दाखविले, एक वाक्य त्यांनी बदलावयास लावले, मग त्यांनी सही केली. पत्र सोमवारी रवाना झाले आहे. उत्तर आले म्हणजे, त्यांची परवानगी असल्यास, ते याच जागी छापू.