माळरानाची पायवाट

सह्याद्रीत पायी भटकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजगड येथील पावसाळी गर्दी तर आता चिंतेचा विषय झाली आहे. परंतु ज्या लाव्हारसाने ते कडे घडविले, त्याच्याच थरांवर बारामती-इंदापूरचे माळ पसरले आहेत, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा काळा पाषाण थराथराने साचला. पश्चिमेस त्याचे कडे झाले. पूर्वेस, पर्जन्यछायेत, त्यावर उथळ मुरमाड माती राहिली आणि तीवर गवत रुजले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला. जेथे पाणी पोहोचले तेथे कालांतराने ऊस उभा राहिला. जो माळ उंचावर राहिला तो ‘पडीक’ ठरला. महसुलाच्या दृष्टीने जी जमीन सारा देत नाही ती निरुपयोगी, हा इंग्रजी राजवटीचा हिशेब स्वातंत्र्यानंतरही बदलला नाही. वस्तुतः याच माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि धाविक पक्षी नांदतात. धनगरांच्या मेंढ्याही येथेच चरतात. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे त्यांचे कळप पावसाळ्याच्या तोंडाशी याच गवताच्या आशेने परततात.

शासनाने या भूमीची दखल घेतलीच नाही, असे नाही. चिंकारांसाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले; परंतु त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. २०२४ साली वनखात्याने इंदापूरमधील कडबनवाडी व बारामतीमधील शिर्सुफळ येथे गवताळ सफारी सुरू केली. हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि माळ पाहण्यास माणसे येऊ लागली, एवढ्याने माळ वाचत नाही. सह्याद्रीतील किल्ल्यांवरही माणसे प्रेमापोटीच गेली होती.

माळाची प्रकृती कड्याहून नाजूक आहे. धाविक, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. वाट सोडून गेलेले एक चाक वा एक पाऊल घरटे मोडण्यास पुरेसे असते. म्हणून ठराविक पायवाट, मर्यादित संख्या आणि विणीच्या काळात विश्रांती, हे नियम आरंभीच घालून द्यावयास हवेत. वाट दाखविण्याचे काम गावातील तरुणांकडे व मेंढपाळांकडे असावे. लांडग्याने कोकरू नेल्याचा तोटा जो सोसतो, त्याला लांडगा पाहावयास येणाऱ्यांच्या पैशातील वाटा मिळणे न्यायाचे आहे. तो मिळाला नाही, तर लांडग्याच्या रक्षणाचा भार गरिबावर आणि आनंद शहरवासीयास, अशी विषम वाटणी होईल.

दुसरा धोका सद्हेतूचा आहे. माळ मोकळा दिसला की तेथे वृक्षारोपणाचा सोहळा होतो. खड्डे खणले जातात, ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावली जातात, आणि गवत सावलीत मागे हटते. झाड म्हणजे निसर्ग, ही शाळेत रुजलेली समजूत येथे घातक ठरते. गवताची संपत्ती मुळांत, जमिनीखाली असते. ती मोजण्याची सवय अद्याप कोणाला नाही.

तेव्हा सफारीच्या फलकांपेक्षा दप्तरातील शब्द बदलणे अधिक अगत्याचे आहे. ‘पडीक’ या नोंदीच्या जागी ‘गवताळ माळ’ अशी नोंद होत नाही, तोवर तेथे उद्या कारखाना, परवा रोपवाटिका येणे कोणास रोखता येणार नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकदा या माळावर पायी न्यावे. जे डोळ्यांनी पाहिले, त्याला निरुपयोगी म्हणणे पुढच्या पिढीस जड जाईल.