डॉप्लरच्या फायली कुणी जपायच्या?

एखादं यान मंगळावर पोचलं की दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? फोटो! लाल माती, खड्डे, डोंगर. फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. पण ते ज्या रेडिओ लिंकवरून आले त्या लिंकचं स्वतःचं एक शास्त्र आहे, आणि आपण ई अँड टीसीवाले असूनही त्याबद्दल आपल्याला कुणी सांगत नाही. डॉप्लर इफेक्ट कम्युनिकेशनच्या पेपरात दोन मार्कांना येतो आणि विषय तिथेच संपतो.

थोडक्यात सांगतो. पृथ्वीवरचं स्टेशन (नासाची मोठी केंद्रं गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथे आहेत) हायड्रोजन मेसरच्या घड्याळावर बेतलेली अतिशय स्थिर फ्रीक्वेन्सी यानाकडे सोडतं. यानातला ट्रान्सपाँडर तिला ठरलेल्या गुणोत्तराने, एक्स बँडमध्ये ८८०/७४९ ने, गुणून परत पाठवतो. पाठवलेली आणि आलेली फ्रीक्वेन्सी ताडून पाहिली की यान आपल्याकडे किती वेगाने येतंय किंवा लांब जातंय ते कळतं. आता यानाच्या वाटेत खाली जास्त वस्तुमान असलं की यान तिकडे किंचित ओढलं जातं, आणि ओलांडून पुढे गेलं की मागे खेचलं जातं. वेगातला हा फरक सेकंदाला ०.१ मिलिमीटर असला तरी पकडता येतो. गणित करून बघा: ८.४ गिगाहर्ट्झवर, जाऊन-येऊन, हा बदल होतो सुमारे ०.००५६ हर्ट्झ. म्हणजे ८४० कोटी हर्ट्झमध्ये एका हर्ट्झचा साधारण एकशेऐंशीवा भाग! आमच्या लॅबमधला फंक्शन जनरेटर आपण चहा पिऊन येईपर्यंत याच्या कितीतरी पट सरकलेला असतो.

यासाठी यानावर वेगळं उपकरण बसवावं लागत नाही, आणि घोळ इथेच होतो. कॅमेऱ्याला एक टीम असते, बजेट असतं, डेटा कधी द्यायचा त्याची तारीख असते. ट्रॅकिंग मात्र नॅव्हिगेशनवाल्यांच्या कामाची गोष्ट समजली जाते. यान कुठे आहे हे एकदा कळलं की त्यांच्या दृष्टीने त्या फाइलचं काम झालं. माझं म्हणणं असं की तिथूनच तिचं दुसरं काम सुरू होतं, आणि म्हणून ती कच्च्या स्वरूपात, सगळ्या लवाजम्यासकट जपली पाहिजे.

चंद्राचंच उदाहरण घ्या. १९६६-६७ मध्ये नासाने पाच लूनर ऑर्बिटर यानं पाठवली ती अपोलोच्या उतरण्याच्या जागांचे फोटो काढायला. १९६८ साली जेपीएलच्या पॉल म्युलर आणि विल्यम श्योग्रेन यांनी त्यांच्या ट्रॅकिंगमधून उरलेले बारीक फरक तपासले, तेव्हा चंद्राच्या गोल ‘समुद्रां’खाली जास्तीचं वस्तुमान गाडलेलं सापडलं. यांनाच ‘मॅस्कॉन’ म्हणतात. हे नुसतं कुतूहल नव्हतं बरं का! अपोलो १६ ने एप्रिल १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह या असमान ओढीने पस्तीस दिवसांत चंद्रावर आपटला. आणि गंमत पुढेच आहे. १९९८-९९ च्या लूनर प्रॉस्पेक्टरनंतर जी नवी गुरुत्व मॉडेलं बनली, त्यांच्यातही लूनर ऑर्बिटरचा तीस वर्षांपूर्वीचा डेटा घातला होता. त्या यानांच्या कक्षा वेगळ्या, कल वेगळे, आणि ते उड्डाण पुन्हा थोडंच करता येणार! कुणीतरी त्या फायली टाकून दिल्या नाहीत म्हणून हे जमलं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: गुरुत्वाचं मॉडेल तयार झालं ना? मग कच्चा डेटा कशाला सांभाळायचा?

हा प्रश्न आपल्या कॉलेजात फार ओळखीचा आहे. आम्ही मागच्या वर्षी एका जुन्या बॅचचा प्रोजेक्ट पुढे न्यायला घेतला. ब्लॅक बुक मिळालं, सोनेरी अक्षरांचं, छान बांधलेलं. आत सुंदर ग्राफ. पण त्या ग्राफमागची रीडिंग्ज? कुठेच नाहीत. सॅम्पलिंग रेट काय होता, सेन्सर कधी कॅलिब्रेट केला, मधले तीन पॉइंट का गाळले... काही पत्ता नाही. ग्राफ बघून मान डोलवण्यापलीकडे काय करणार? शेवटी सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली, पंधरा दिवस गेले. आपलं भागतं, कारण आपली लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे. शुक्राभोवती जाऊन पुन्हा रीडिंग घेता येत नाहीत.

मॉडेल म्हणजे त्या काळच्या गृहीतकांसकट शिजवलेला पदार्थ. सूर्यप्रकाशाचा यानावर पडणारा दाब किती धरला, वरच्या विरळ हवेचं घर्षण किती धरलं, हे सगळं त्यात मुरलेलं असतं. दहा वर्षांनी कुणाला चांगली पद्धत सापडली, तर ती लावायला मूळ डॉप्लरच लागतो.

मंगळाचं बघा. मार्स ग्लोबल सर्व्हेयर १९९७ मध्ये मंगळाभोवती पोचलं आणि नोव्हेंबर २००६ मध्ये त्याचा संपर्क तुटला. सूर्याच्या ओढीने मंगळाचा घन गोळा किती ताणला जातो, ते २००३ साली योडर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या ट्रॅकिंगमधून काढलं. त्यांचा आकडा ०.१५३, कमी-जास्त ०.०१७. यावरून मंगळाच्या गाभ्याचा निदान बाहेरचा भाग तरी द्रव असला पाहिजे असं ठरलं, आणि गाभ्याची त्रिज्या १,५२० ते १,८४० किलोमीटरच्या दरम्यान येत होती. ना ड्रिल, ना भूकंपमापक! २०१६ मध्ये ग्लोबल सर्व्हेयर, ओडिसी आणि रिकॉनिसन्स ऑर्बिटर या तिघांचा सोळा वर्षांचा डेटा एकत्र करून जेनोव्हा आणि सहकाऱ्यांनी नवं मॉडेल काढलं, तेव्हा तोच आकडा ०.१६९७ आला आणि अनिश्चितता ०.०००९ वर उतरली. त्यातल्या एका यानाला गप्प होऊन दहा वर्षं होत आली होती. पुढे इनसाइटच्या भूकंपमापकावरून २०२३ मध्ये गाभ्याची त्रिज्या १,६५० ते १,६७५ किलोमीटरच्या आसपास धरली गेली, म्हणजे २००३ च्या पट्ट्याच्या आतच.

आता ‘लवाजमा’ म्हणजे काय ते सांगतो, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. यानाची रिअॅक्शन व्हील्स जास्त फिरायला लागली की छोटे थ्रस्टर उडवून त्यांचा वेग उतरवतात. त्या धक्क्याने कक्षा किंचित बदलते. तो धक्का कधी आणि केवढा याची नोंद नसेल तर तो गुरुत्वाच्या खात्यात जमा होतो आणि ग्रहाच्या पोटात नसलेली टेकडी उगवते! शिवाय आपल्या हवेतल्या बाष्पामुळे आणि आयनोस्फिअरमुळे सिग्नलला होणारा उशीर, पृथ्वीच्या फिरण्यातली बारीक अनियमितता, अँटेनाची नेमकी जागा, यानाचं वस्तुमान, पॅनेल कुठे वळलेली होती... हे सगळं फाइलबरोबर हवं. पायोनियर १० आणि ११ चं प्रकरण आठवा. ती ग्रहाभोवती फिरणारी यानं नव्हेत, पण धडा तोच. त्यांच्या डॉप्लरमध्ये सूर्याकडे ८.७४ गुणिले १० चा उणे दहावा घात मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा जास्तीचा त्वरण दिसत होता आणि त्यावर नव्या भौतिकीचे इमले चढले. उत्तर मिळालं २०१२ मध्ये: यानाची उष्णता एका बाजूला जास्त बाहेर पडत होती, तिचाच तो रेटा. आणि हे सिद्ध करता आलं कारण डॉप्लरबरोबर यानाच्या तापमानाची आणि विजेची जुनी टेलिमेट्रीही जपली गेली होती. जपणाऱ्याला ती कशासाठी लागेल हे थोडंच ठाऊक होतं?

खर्चाचं कारण मला पटत नाही. नासाच्या ‘ओडीएफ’ या ट्रॅकिंग फाइलमध्ये एक नोंद ३६ बाइट्सची असते. फोटोंच्या तुलनेत हा डेटा चिल्लर आहे. खर्च येतो तो माणसांच्या वेळेचा. कोणत्या बिटचा अर्थ काय, हे सांगणारं कागदपत्र नसेल तर त्या ३६ बाइट्सचा उपयोग शून्य. ते कागदपत्र लिहिणं कंटाळवाणं असतं, त्यावर कुणाला पारितोषिक मिळत नाही, म्हणून ते मोहिमेच्या शेवटाला ढकललं जातं आणि तोवर माणसं दुसरीकडे गेलेली असतात.

आपल्या देशाचा यात काय संबंध? भरपूर आहे. बेंगळुरूजवळ ब्यालालूला १८ आणि ३२ मीटरच्या अँटेना आहेत. खोडदच्या आपल्या जीएमआरटीने १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळाकडे उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली लँडरचा क्षीण सिग्नल थेट पकडला होता. मंगळयान २०१४ ते २०२२ कक्षेत काम करत होतं. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर २०१९ मध्ये चंद्राच्या कक्षेत गेला. आणि केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये शुक्राच्या मोहिमेला मंजुरी दिली आहे. शुक्राचा गुरुत्व नकाशा मुख्यतः मॅगेलनच्या १९९२ ते १९९४ च्या ट्रॅकिंगवर उभा आहे, आणि त्यावरचं १८० डिग्रीचं मॉडेल १९९९ चं! तेव्हा आपलं यान तिथे गेल्यावर त्याच्या ट्रॅकिंगला बाकी पेलोडसारखाच पेलोडचा दर्जा मिळावा, त्याला एक जबाबदार शास्त्रज्ञ असावा आणि डेटा खुला करायची तारीख उड्डाणाआधीच जाहीर व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर ज्यांना मिनी प्रोजेक्टचा विषय सापडत नाहीये त्यांच्यासाठी: ग्लोबल सर्व्हेयरच्या मूळ ट्रॅकिंग फायली नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केंद्राकडे, फुकट मिळतात. सी येत असेल तर ३६ बाइट्सची नोंद उलगडणारा प्रोग्रॅम एका शनिवार-रविवारात होतो. आणि हो, रीडिंग्ज ब्लॅक बुकबरोबर सीडीवर नाहीतर पेन ड्राइव्हवर द्या. पुढची बॅच तुमचं नाव काढेल.