खुंटीवरची पिशवी आणि पेटीतली ठेव

मुदखेड परिसरातील मळ्यांतून पहाटे खुडलेली फुले घेऊन नांदेडच्या बाजाराकडे निघालेला टेम्पो उलटावा, पाट्यांवर बसलेल्या कमावत्या तरुणाचा मणका मोडून कमरेखालचे शरीर कायमचे निकामी व्हावे, आणि कैक वर्षे तारखांना हेलपाटे घातल्यावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या हुकुमाने भरपाई त्याच्या पदरी पडावी, असे धरून चाला; दावा निकाली निघाला म्हणून वकील व विमा कंपनी आपापली दप्तरे बांधतात, त्याच दिवशी त्या घराची खरी अडचण सुरू होते.

1993 साली सुसम्मा थॉमस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान व निरक्षर दावेदारांच्या रकमा बँकेत मुदत ठेवीत गुंतवण्याची सूत्रे घालून दिली, ती लबाडांच्या तावडीतून दुबळ्यांचे धन राखावे याच कळवळ्याने. परंतु ती सरसकट, यांत्रिकपणे लावली जातात, अशी नापसंती त्याच न्यायालयाला 2012 मध्ये ए. व्ही. पद्मा प्रकरणात व्यक्त करावी लागली. ठेवीची पावती पत्र्याच्या पेटीत सुरक्षित असते, आणि लघवीची नळी, पिशव्या, मलमपट्टी, हवेची गादी यांच्या बिलांची पिशवी खुंटीवर फुगत जाते. पाठीची जखम चिघळली की मुद्दलाला हात लावण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारीख. जखम मात्र तारखेची वाट पाहत नाही.

सरकारी विमा आहेच. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता, आणि महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या त्याच योजनेची मर्यादा आता 5 लाखांवर गेली आहे. मात्र तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर. घरच्या खाटेवरची शुश्रूषा कुटुंबालाच निभवावी लागते. म्हणून कोणता खर्च योजनेतून भागेल आणि कोणता भरपाईतून करावा, हे ठरवणारा जाणकार हवा. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याच्या संदर्भात तडजोडीतील भावी उपचारांचा हिस्सा व्याजी खात्यात वेगळा ठेवतात, दुखापतीचा खर्च आधी त्यातून करतात व दरवर्षी हिशेब देतात. आणि हे काम पुष्कळदा व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवतात.

आपल्याकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या देखरेखीखाली असे पगारी, प्रशिक्षित व्यवस्थापक नेमावेत. उपचारांचा हिस्सा निवाड्यातच वेगळा नमूद करावा, आणि बिल व डॉक्टरांची चिठ्ठी पाहून आठवड्याच्या आत पैसे देण्याचा अधिकार व्यवस्थापकास असावा. व्यवस्थापकाच्या मेहनतान्याने जखमीच्या तुटपुंज्या रकमेस कात्री लागेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच तो खर्च विमा कंपनीकडून, भरपाईव्यतिरिक्त, वसूल व्हावा, असे माझे ठाम मत आहे. 2020 च्या काजल या अपघातग्रस्त मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परिचारकाचा आयुष्यभराचा खर्च गुणक पद्धतीने, म्हणजे वार्षिक खर्चास वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून, मोजला. मोजलेला तो पैसा महिन्याच्या महिन्याला खाटेपर्यंत पोहोचवणारा माणूस अद्याप कोणी नेमलेला नाही.