आधी मुलाचे रक्त तपासा

एका ओळखीच्या बाईंसोबत सरकारी रुग्णालयाच्या थॅलेसेमिया वॉर्डात गेले होते. त्यांचा मुलगा सात वर्षांचा. खाटेवर बसल्या बसल्या त्याने स्वतःच डावा हात पुढे केला आणि सिस्टरला म्हणाला, ‘‘उजव्या हाताची नस आज मिळणार नाही.’’ दर वीस दिवसांनी रक्त चढवून घेणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते. रक्ताची पिशवी लागली, मुलगा मोबाईलमध्ये रमला, तेव्हा त्याची आई हळूच मला म्हणाली, ‘‘आपा, सासरचे म्हणतात माझ्या दुधात दोष होता. खरंच असं असतं का?’’

नसते. पण हा प्रश्न त्यांना सात वर्षे कुणालाच विचारता आला नव्हता. या लेखाचे कारण तो प्रश्न आहे.

आपल्या रक्तातील लाल पेशी हिमोग्लोबिनच्या मदतीने शरीरभर प्राणवायू पोहोचवतात. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि हाडांतील मगजात सतत नव्या पेशी तयार होत राहतात. बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिनचा एक घटक नीट तयारच होत नाही. त्या घटकाची सूचना देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस फक्त ‘वाहक’ असतो. तो आजारी नसतो, सर्वसामान्य आयुष्य जगतो आणि बहुतेक वेळा आपण वाहक आहोत हे त्याला माहीतही नसते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर थॅलेसेमिया मेजर होतो.

म्हणजे मेजर होण्यासाठी आई आणि वडील, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत यावीच लागते. आईच्या दुधाचा, तिच्या खाण्यापिण्याचा किंवा ग्रहणात बाहेर पडण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, म्हणून ते जन्मतः ठणठणीत दिसते. सहा महिन्यांनंतर ते पांढुरके पडू लागते. नेमके तेव्हा ते आईच्या अंगावर पीत असते आणि दोष दुधावर येतो. वडिलांचा निम्मा वाटा मात्र कुणाच्याच बोलण्यात येत नाही.

पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल मेजर होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. दरवेळी नाणे नव्याने उडवले जाते.

भारतात साधारण 3 ते 4 टक्के लोक वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी अशा समाजांत हे प्रमाण जास्त आढळते. हा काही एका धर्माचा आजार नाही. पण आपल्या घरातल्या रिवाजाबद्दल बोलणे भाग आहे. चुलत, मामे, मावस भावंडांत निकाह आपल्याकडे सर्रास होतात. मामाच्या मुलीशी लग्न तर पश्चिम महाराष्ट्रातल्या हिंदू घरांतही चालते. सख्ख्या भावंडांच्या मुलांत सरासरी आठवा हिस्सा जनुके समान असतात. आजोबांकडे एक बिघडलेली प्रत असेल तर ती दोन्ही नातवंडांकडे आलेली असण्याची शक्यता वाढते. ‘रक्त घरातच राहावे’ असे वडीलधारे म्हणतात. रक्तातला दोषही त्याच वाटेने घरात राहतो.

यावर उपाय ठाऊक आहे आणि तो सोपाही आहे. आधी साधी रक्ततपासणी, म्हणजे सीबीसी. त्यात लाल पेशींचा आकार लहान दिसला तर शंका घ्यायची. मग एचपीएलसी नावाची तपासणी करायची. तिच्यात थॅलेसेमियाच नव्हे, तर सिकलसेलचा वाहकही कळतो. आयुष्यात एकदाच करावी लागते. इथे एक चूक नेहमी होते. हिमोग्लोबिन थोडे कमी दिसले की मुलीला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात. ती वाहक असू शकते, हे कुणी पाहत नाही.

तरी आपण तपासणी का टाळतो? निकाह ठरवताना मेहेर, हॉल, जेवण, दागिने यांवर रात्र रात्र बोलणी होतात. रक्ततपासणीचे नाव काढले की मुलीचे वडील गप्प होतात. त्यांची भीती खोटी नाही. ‘रिपोर्ट खराब आला तर तिच्याशी कोण लग्न करणार?’ वाहक मुलाचे लग्न सहज दुसरीकडे जमेल, वाहक मुलीच्या नावापुढे मात्र कायमची खूण बसेल, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. म्हणून नुसते ‘तपासणी करा’ असे सांगून भागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की तपासणी आधी मुलाची व्हावी. मुलगा वाहक नसेल तर मूल मेजर होण्याचा प्रश्न तिथेच मिटतो आणि लग्न जमवण्यासाठी मुलीचा रिपोर्ट मागण्याचे कारणच उरत नाही. तो वाहक निघाला तरच मुलीची तपासणी लागेल, आणि तेव्हा विचारणारी बाजू मुलाची असेल. ओझे मुलीवरून उतरेल. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक मुलाने आणि मुलीने कॉलेजात असतानाच, स्थळे यायच्या आधी, ही तपासणी करून घ्यावी आणि रिपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. तो बिरादरीत फिरवण्याचा कागद नाही.

दोघे वाहक निघाले तर? लग्न करायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवावे. लग्न झालेच असेल तर गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतो.

‘ही तर अल्लाहची मर्जी, आपण कशाला ढवळाढवळ करायची?’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की इराणने 1997 मध्ये विवाहपूर्व थॅलेसेमिया तपासणी देशभर सक्तीची केली. 2005 मध्ये तिथल्या कायद्याने चार महिन्यांच्या आत, वैद्यकीय कारणासाठी गर्भपाताला परवानगी दिली. सौदी अरबस्तानात 2004 पासून सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी केल्याशिवाय निकाह नोंदवता येत नाही. सायप्रसमध्ये तर 1983 पासून चर्चच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागते आणि तिथे आता असे मूल क्वचितच जन्मते. या देशांवर धर्म बुडवल्याचा आरोप कुणी करत नाही. मग आपल्या मोहल्ल्यातच दीन कसा धोक्यात येतो? जमातीच्या दफ्तरात निकाह नोंदवताना काझीसाहेबांनी नवरदेवाला फक्त विचारले, ‘‘बेटा, तपासणी केलीस का?’’, तरी पुष्कळ होईल. सक्ती नको, पण हा प्रश्न विचारण्याची सवय लागू दे.

जी मुले जन्मली आहेत त्यांचेही आपल्यावर काही देणे आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. प्रत्येक पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जाते. ते आपोआप बाहेर पडत नाही, हृदय आणि यकृतात साठते, म्हणून ते काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र मिळते. अनेक पालकांना हे ठाऊकच नसते. आणि रक्त कारखान्यात तयार होत नाही. लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त 42 दिवस टिकते. त्यामुळे वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून, फोटो काढून भागत नाही. मे महिन्यात आणि रमजानमध्ये रक्तदाते कमी होतात, मुलांची गरज मात्र तेवढीच राहते. रोजा असेल तर इफ्तारनंतर काही वेळाने रक्त देता येते. 18 वर्षांवरील निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते.

त्या दिवशी वॉर्डात मी त्या बाईंना कागदावर दोन चित्रे काढून दाखवली, एक आईचे, एक वडिलांचे, आणि दोघांकडून मुलाकडे जाणारा एकेक बाण. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ‘‘घरी दाखवते,’’ म्हणाल्या. त्यांचा धाकटा दीर पुढच्या वर्षी लग्नाचा आहे, मुलगी मामूच्या घरातलीच पाहिली आहे. मी विचारले, ‘‘तपासणी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आधी त्याची.’’