काढ्याच्या भरवशावर अँटिबायोटिक सोडू नका

चारकोपच्या सेक्टरांतल्या बैठ्या घरांपुढे तुळस, अडुळसा, गवती चहा जुन्या डब्यांतून वाढतो. तिथेच माझं औषधांचं दुकान आहे. ‘लघवीला जळजळ होते, ताप आहे, पण काढा चालू आहे’ असं सांगत बायका येतात, आणि मला काळजी वाटते.

वनस्पतींत गुण आहेतच. तुळशीतलं युजेनॉल, हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ रोखतं. पण बशीतली मात्रा काढ्याने रक्तात पोचत नाही. कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीतून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळवलं, तेही काढा उकळून नव्हे, तर ईथर वापरून, कमी तापमानाला. नंतर माणसांवर चाचण्या झाल्या. २०१५चं नोबेल त्या कष्टांना मिळालं. आपल्या अडुळशालाही तशीच कठोर परीक्षा हवी, नुसतं कौतुक नको.

खोकल्याला अडुळसा जरूर घ्या. मात्र पाकिटावर लाल रेघ असलेलं अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर काढ्यावर विसंबून मध्येच थांबवू नका.