एक सकाळ, दोन सण

दोस्तांनो, १५ ऑगस्टच्या सकाळी तुमची काय धांदल उडते ते मला चांगलं ठाऊक आहे. आदल्या रात्री गणवेशाला इस्त्री, बुटांना पॉलिश, आणि उशाशी एकच चिंता: उद्या पाऊस उघडीप देईल ना? पण तुमच्या वर्गात एखादी मारिया किंवा एखादा सावियो असेल, तर त्यांना विचारा. त्यांची धांदल दुप्पट असते! कारण कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा एक मोठा सण नेमका १५ ऑगस्टलाच येतो. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. येशूची आई मरिया हिला देवानं सदेह स्वर्गात नेलं, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि हा सण हजार-बाराशे वर्षांहूनही जुना आहे. आपला स्वातंत्र्यदिन त्या तारखेला आला तो वेगळ्याच कारणानं. दुसऱ्या महायुद्धात जपान १५ ऑगस्ट १९४५ ला शरण आला होता. ती तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांच्या मनात पक्की बसली होती, आणि सत्तांतरासाठी त्यांनी तीच निवडली. म्हणजे निव्वळ योगायोग! पण योगायोग झाला म्हणून काय झालं, सण तर दोन्ही साजरे करायचे असतात.

आता वसईकडे चला. पापडी, निर्मळ, नंदाखाल, गास ही तिथली गावं. इथले ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. वाडीत केळी, भाजीपाला, फुलं पिकवणारे, तर किनाऱ्यावरचे कोळी मासेमारी करणारे. १५ ऑगस्टला चर्चमध्ये मिस्सा असते, म्हणजे त्यांची मुख्य उपासना. ती चुकवायची नाही, आणि शाळेचं झेंडावंदनही चुकवायचं नाही. त्यात आणखी एक मेख आहे. राज्याचा मुख्य सोहळा सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी असतो, म्हणून ८.३५ ते ९.३५ या वेळात दुसऱ्या कुणी कार्यक्रम ठेवू नये, असं शासनाचं परिपत्रक सांगतं. मग काय, सगळं घड्याळ त्याभोवती फिरतं. आज्जी पहाटेच उठून सगळ्यांना हलवते, "ऊठ रे, घंटा झाली बघ!"

मिस्सा संपली की पुष्कळ चर्चच्या आवारात झेंडावंदन होतं. कुठे फादर झेंडा फडकवतात, कुठे गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला किंवा सैनिकाला तो मान मिळतो. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवलेल्या असतात. (हे चालतं का, असं मला एका वाचकानं विचारलं होतं. चालतं. ध्वजसंहितेत तशी परवानगी आहे. मात्र केशरी पट्टा वर हवा, आणि झेंडा झरझर चढवायचा, उतरवताना सावकाश.) मग राष्ट्रगीत. ज्यांनी आत्ताच वेदीसमोर हात जोडले होते, तेच आता ताठ उभे.

त्या दिवशी चर्चमध्ये बायबलमधला जो उतारा वाचतात, तो मला फार आवडतो. मरिया डोंगराळ भागातल्या आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला जाते आणि आनंदानं एक गाणं म्हणते. त्याचा अर्थ साधारण असा, की देव सिंहासनावरच्या बलवंतांना खाली ओढतो, दीनांना वर उचलतो, भुकेल्यांना पोटभर देतो. स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी हे ऐकायला मिळावं! कुणी मुद्दाम निवडलेलं नाही बरं का, सणाचाच उतारा आहे तो.

पण १९४७ सालच्या १५ ऑगस्टला, शुक्रवार होता तो, वसईतल्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलानं मिस्सा ऐकली असेल ती लॅटिन भाषेत. मिस्सेची भाषाच ती होती. पुढे १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक मिळाली. मग मिस्सा मराठीत होऊ लागली. देश स्वतंत्र झाला, आणि काही वर्षांनी प्रार्थनाही आपल्या बोलीत आली. मला तर या दोन गोष्टी शेजारी शेजारीच ठेवाव्याशा वाटतात.

आता जरा अवघड गोष्ट. या मुलांना कधी कधी कुणीतरी विचारतं, "तुमच्यात पण असतो का रे स्वातंत्र्यदिन?" विचारणारा थट्टेनं विचारतो. ऐकणाऱ्याच्या मात्र घशाखाली पुढचा घास उतरत नाही. असा प्रश्न कानावर आला, तर तुम्ही पुढची दोन नावं सांगा.

पहिलं, काका बाप्टिस्टा. पूर्ण नाव जोसेफ बाप्टिस्टा. जन्म १८६४ चा, मुंबईतल्या माझगावचा. घराणं मूळचं उत्तनचं, म्हणजे वसईच्या खाडीच्या अलीकडचं. लोकमान्य टिळकांचे हे जवळचे सहकारी. १९१६ साली टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष हेच. गिरणी कामगारांसाठी झगडले, १९२५ साली मुंबई महापालिकेचे प्रमुख झाले. माझगावच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. मुंबईत राहत असाल तर एखाद्या रविवारी जाऊन या.

दुसरं नाव, आल्फ्रेड अफोन्सो. १९५४ साली आपल्याला स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती, पण गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. त्या वर्षी १५ ऑगस्टला अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली. हातात शस्त्र नाही. किल्ल्याच्या आत एक चर्च आहे, सेंट अँथनीचं. त्या किल्ल्यावर त्यांनी तिरंगा लावला! राज्य करणारेही कॅथलिक, झेंडा लावणाऱ्यांचा म्होरक्याही कॅथलिक. सत्याग्रही पकडले गेले, तुरुंगात गेले. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे धर्म एक असला म्हणून परक्याचं राज्य आपलं वाटत नाही, हे त्यांनी बोलून नव्हे, करून दाखवलं.

आणि हो, संविधान लिहिणाऱ्या सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हेही ख्रिस्तीच होते. आम्हाला विधिमंडळात राखीव जागा नकोत, असं त्या सभेतल्या ख्रिस्ती सभासदांनी आपणहून सांगितलं. हे आपल्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत का नसतं, कोण जाणे.

बरं, इतका वेळ इतिहास ऐकलात, आता खाऊ! गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला पातोळ्या करतात. हळदीचं ताजं पान घ्यायचं, त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर लावायचा, मधे ओल्या नारळाचं नि गुळाचं सारण, पान दुमडायचं आणि वाफवायचं. आणि गंमत अशी, की ह्याच पातोळ्या हिंदू घरांत नागपंचमीला होतात. हळद पावसात वाढते, पानं श्रावणातच हिरवीगार मिळतात. मग सण कुणाचा का असेना, चुलीवर तेच भांडं चढतं.

तेव्हा या १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपलं, की मारियाच्या घरी डोकावून या. आधी सांगून जा, म्हणजे तिची आई चार पातोळ्या जास्त करील. आणि पान सोलून खायचं बरं का, पानासकट नाही!